अडतीस सवयी आणि एक वीव्हिंग मास्टर

2008 साली तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि हद्दीपलीकडे गुजरातेतल्या उंबरगावात काही कापड गिरण्यांच्या मालकांपुढे एक अजब प्रस्ताव आला. नामांकित सल्लागार कंपनीची माणसं तुमच्या कारखान्यात येऊन बसतील, काही महिने राबतील, कारखाना कसा चालवायचा ते दाखवतील आणि तुमच्याकडून एक पैसाही घेणार नाहीत. अशी माणसं भाड्यानं आणायची तर लाखो डॉलर मोजावे लागतात. हे सगळं फुकट, कारण खर्च संशोधनाचा होता. तरीही ज्या 66 कंपन्यांकडे विचारणा झाली, त्यांतल्या 17च तयार झाल्या. फुकट मिळणाऱ्या वस्तूची खोट आधी शोधायची, ही व्यापाऱ्याची रीतच आहे.

संशोधक होते निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स. कुणी स्टॅनफर्डचे, कुणी जागतिक बँकेचे. रॉबर्ट्स तर स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलचेच प्राध्यापक. त्यांचा प्रश्न जुना होता. एकाच धंद्यात, तशाच यंत्रांवर, तशाच कामगारांकडून एक कारखाना दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त माल का काढतो? फ्रान्सिस वॉकर या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 1887 सालीच सांगून ठेवलं होतं की फरक चालवणाऱ्याच्या कुवतीत असतो. पण सांगणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. औषधाची चाचणी घेतात तशी व्यवस्थापनाची चाचणी कुणी मोठ्या कारखान्यांत घेतली नव्हती. ती तारापूरला, बोईसर स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर घेतली गेली.

त्याच वर्षांत, त्याच वसाहतीतल्या पण या सतरांत नसलेल्या एका गिरणीत इचलकरंजीचे एक गृहस्थ शिफ्ट सांभाळत होते. वडील वहिफणीचं काम करायचे, घराच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालायचे, आणि माग बंद पडला की झोप मोडायची अशा गल्लीत ते वाढले. टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि पगार बरा म्हणून बोईसरला आले. पुढे ते वीव्हिंग मास्टर, म्हणजे विणाई खात्याचे प्रमुख, झाले. परप्रांतीय कामगार त्यांना मास्टरजी म्हणतात, गावाकडची मंडळी मास्तर. शेजारच्या गल्ल्यांत असं काही संशोधन चाललंय, याची त्यांना तेव्हा गंधवार्ताही नव्हती. बऱ्याच वर्षांनी पुण्यात एमबीए करणारा भाचा सुटीत आला आणि त्यानं लॅपटॉप पुढे सरकवला, “मामा, तुमच्या तारापूरवर आम्हाला धडा आहे.”

मास्तरांनी आधी फोटो पाहिले. संशोधकांनी गिरण्यांची पहिल्या दिवसांतली अवस्था टिपून ठेवली होती. आवाराबाहेर कचऱ्याचे ढीग, जमिनीवर पडलेली हत्यारं, गंजत चाललेले सुटे भाग, गोदामात छताला टेकलेल्या सुताच्या गोण्या, त्यांवर ना चिठ्ठी ना तारीख, खालचे कोन दबून चेपलेले. “ही आमचीच गिरणी,” मास्तर म्हणाले. भाच्यानं सांगितलं, ती नव्हे. मास्तरांना ते पटेना. तशा गोदामातून त्यांनी स्वतः सूत काढलं होतं. पुढची गोणी हाताला येते म्हणून नवं सूत आधी वापरलं जातं आणि मागचं जुनं होत राहतं. मग कधीतरी ऑर्डरला सूत कमी पडलं की ते जुनं ओढून काढायचं, दोन लॉट एकाच कापडात मिसळायचे, आणि रंगाईला गेल्यावर कापडावर पट्टा उमटला की पार्टीचा फोन यायचा. गोदामवाल्याला दोष देऊन विषय मिटायचा. गोण्यांना चिठ्ठ्या लावायचं कुणी बोलायचं नाही.

संशोधकांनी चांगल्या कारभाराच्या 38 सवयींची यादी केली होती. त्यांत दिपवणारं काहीच नाही. यंत्रं बंद पडण्याआधी ठरल्या वेळी त्यांची देखभाल करायची. माग कशामुळे थांबला ते लिहायचं, आणि लिहिलेलं रोज वाचायचं. कापडातल्या दोषांची प्रकारवार नोंद ठेवायची. रोज सकाळी खात्यांच्या प्रमुखांनी एकत्र उभं राहून कालचा हिशोब बघायचा. सुताचा साठा मोजायचा, जुनं आधी वापरायचं. चांगल्या कामाला बक्षिसी द्यायची, ती कामगारालाही आणि मॅनेजरलाही. कुठल्या ऑर्डरवर किती सुटलं हे काढायचं. जपानी कारखान्यांनी आणि त्यांच्या मागोमाग अमेरिकी कारखान्यांनी कित्येक दशकांपूर्वी अंगवळणी पाडलेल्या या गोष्टी. सुरुवातीला या गिरण्यांत त्यांतल्या सरासरी पाव सवयीच दिसल्या.

मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड झाली. 11 कंपन्या एका बाजूला, 6 दुसऱ्या. दोन्हींकडे सल्लागारांनी महिनाभर बसून तपासणी केली, काय बिघडलंय ते सांगितलं. अकरा कंपन्यांच्या गिरण्यांत मात्र ते आणखी चार महिने थांबले आणि सांगितलेलं करून घेतलं. उरलेल्या सहांकडे फक्त आकडे गोळा होत राहिले. या दुसऱ्या गटाला महत्त्व होतं. कुणीतरी पाहतंय एवढ्यानंही कामगार हुशारीनं वागतात, ही शंका शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातल्या 1920च्या दशकातल्या प्रयोगांपासून संशोधकांच्या मानगुटीवर बसलेली आहे. इथं पाहणारे दोन्हीकडे होते. फरक पडला तर तो पाहण्यामुळे पडला असं म्हणायला जागा नव्हती.

फरक पडला. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. कापडातले दोष 40 टक्क्यांहून अधिक घटले. गोदामातला साठा कमी झाला. एका गिरणीमागे वर्षाला तीन लाख डॉलरच्या आसपास नफा वाढल्याचा संशोधकांचा अंदाज होता. तीन वर्षांच्या आत या कंपन्यांनी नवे कारखानेही काढले. नवी यंत्रं आणावी लागली नव्हती. अभ्यास 2013 साली ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये छापून आला आणि तेव्हापासून जगभरच्या बिझनेस स्कूलमध्ये तारापूरचं नाव घेतलं जातं.

मास्तरांचं लक्ष मात्र दुसऱ्याच एका आकड्यावर अडकलं. प्रयोगाआधी या गिरण्यांतलं जवळजवळ एकपंचमांश मनुष्यबळ दोष दुरुस्त करण्यात खर्च होत होतं. म्हणजे मेंडिंग खातं. मागावरून उतरलेलं कापड उजेडाच्या टेबलावर ताणायचं, डबल पिक गेलेला दिसला की चिमट्यानं जादा धागा ओढून काढायचा, एंड मिसिंग असला तर सुईनं धागा भरायचा, तेलाचा डाग पुसायचा, फ्लोट कापायचा. बिघडवायला एक पगार आणि सुधारायला दुसरा. मास्तरांच्या गिरणीत मेंडिंगच्या टेबलांवर बहुतेक आसपासच्या गावांतल्या बायका होत्या. मीटरवर पैसे. मान खाली, बोटं चालू.

मालकांनी हे सगळं आधी का केलं नाही? संशोधकांनी याचा बारकाईनं शोध घेतला. पैसा अडत नव्हता. आळस हेही पुरेसं कारण नव्हतं. उत्तर निघालं ते माहितीच्या अभावाचं. काही सवयी मालकांनी ऐकलेल्याच नव्हत्या. ज्या ऐकल्या होत्या त्यांचा आपल्याला उपयोग नाही, असं त्यांना वाटत होतं. आपला माल चांगलाच आहे, कारण शेजारच्यापेक्षा वाईट नाही. शेजाऱ्याचं मत आपल्याबद्दल तेच. सगळे सारखेच मागे असले की कुणालाच आपण मागे आहोत हे कळत नाही.

इथं मास्तर लॅपटॉपपासून उठले आणि भाच्याशी वाद घालू लागले. माहिती नव्हती, ती कुणाला? शेठना नसेल. मेंडिंगच्या टेबलावर ती होती. कुठल्या मागाचं कापड आहे हे ताग्यावरचा नंबर न बघता सांगणारी बाई त्यांच्या खात्यात होती. अमुक मागावर नवा बीम चढला की पहिल्या ताग्यात हमखास स्टार्टिंग मार्क, म्हणजे माग सुरू होतानाची आडवी खूण, येतो आणि तो रात्रपाळीला जास्त येतो, हे तिनं त्यांना सहज बोलताना सांगितलं होतं. मग हे आधी का नाही सांगितलंस, असं विचारल्यावर ती म्हणाली, “फोल्डिंगच्या मेहताजींना सांगितलं होतं की. ते म्हणाले, तू आपले मीटर मोज.” मेहताजी म्हणजे फोल्डिंग खात्याचे कारकून. त्यांचीही बाजू होती. दोष वर कळवला की शेठ विचारणार, कुणामुळे? मग माग दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरचं नाव घ्यायचं. जॉबर आणि मेहताजी एकाच खोलीत राहणारे. शिवाय गिरणीत रजिस्टर होतं, रोज भरलंही जायचं, शिफ्ट संपताना तीनच रकाने, एकाच हस्ताक्षरात, एका दमात. ते कुणी वाचलेलं मास्तरांनी पाहिलं नव्हतं.

तेव्हा त्यांचं म्हणणं असं, की संशोधकांनी मालकाच्या केबिनमधून पाहिलं म्हणून त्यांना माहितीचा दुष्काळ दिसला. खाली पाणी होतं, वर चढवायला पाइप नव्हता. सल्लागारांनी चार महिने बसून बहुतेक पाइपच घातला. भाच्याला ही तक्रार वाटली. पण अभ्यास नीट वाचला तर तो मास्तरांच्या फारसा विरोधात जात नाही. गिरण्यांतले आकडे रोज वर मालकांकडे जाऊ लागल्यावर दोन गोष्टी बदलल्याचं संशोधकांनी आपल्या आधीच्या मसुद्यात नोंदवलं होतं. एक, मालक काही निर्णय मॅनेजरांवर सोडू लागले, कारण आता त्यांना घरबसल्या काय चाललंय ते दिसत होतं. दोन, कॉम्प्युटरचा वापर वाढला, कारण आकडे जमवायचे आणि ताडून बघायचे तर वही पुरेना.

कॉम्प्युटर नंतर आला, हे मास्तरांना विशेष पटलं. त्यांच्या गिरणीत तो आधीपासून होता, हिशोबनिसाच्या टेबलावर, आणि त्यावर बिलं निघायची. आधुनिक रॅपियर मागांनाही छोटा पडदा होता. ताण्याचा धागा तुटून किती वेळा थांबला, बाण्याचा तुटून किती वेळा, कार्यक्षमता किती टक्के, सगळं तो माग स्वतःच दाखवायचा. शिफ्ट बदलली की एक बटण दाबून आकडे शून्य करायचे, एवढाच त्याचा वापर. पुढे काही गिरण्यांनी सगळे माग तारेनं जोडून ऑफिसात मोठा पडदा लावला. मास्तरांनी अशा ठिकाणीही काम केलं. पडद्यावर लाल झालेला माग सगळ्यांना दिसायचा. कुणी उठून जायचं हे मात्र ठरलेलं नसायचं.

स्पर्धेनं तरी अशा गिरण्या कशा मोडीत निघाल्या नाहीत, हा अभ्यासातला पुढचा प्रश्न. वाईट चालणारा कारखाना बुडावा आणि चांगला चालणारा पसरावा, असं पुस्तक सांगतं. संशोधकांना आढळलं की कंपनी किती मोठी होणार हे कारभार किती चांगला आहे यापेक्षा घरात कर्ते पुरुष किती आहेत यावरून जास्त कळतं. सगळ्या कंपन्या घराण्याच्या. बाहेरच्या माणसाच्या हाती दुसरा कारखाना द्यायचा तर सूत आणि पैसा दोन्हींच्या चोरीची धास्ती, आणि चोरी झाली तर कोर्टात न्याय मिळेपर्यंत नातू कर्ता होणार. मुलगी किंवा सून तो कारखाना बघेल, हे कुणाच्या मनातही नाही.

मास्तरांनी हे आकडेमोडीशिवाय पाहिलं होतं. त्यांच्या एका मालकांनी दुसऱ्या युनिटची जागा घेऊन ठेवली होती, पण पाया खणला तो धाकट्याची परीक्षा संपल्यावर. तोवर जागेवर गवत. स्टोअरच्या कपाटाची किल्ली शेठच्या खिशात, आणि शेठ मुंबईला गेले की पन्नास रुपयांच्या स्प्रिंगसाठी माग उभा. मास्तरांच्या शब्दाला तिथं मान होता, पगार वेळेवर होता, दिवाळीला मिठाईचा डबा घरी येत होता. किल्ली मात्र मिळाली नाही.

भाच्याकडून हे सगळं समजण्याआधीच एका दुसऱ्या गिरणीत मास्तरांनी आपल्या बुद्धीनं थोडंफार करून पाहिलं होतं. एका खरेदीदार कंपनीनं कापड चार पॉइंट पद्धतीनं तपासूनच घेणार असं बजावलं होतं. दोष तीन इंचांपर्यंत असेल तर एक गुण, सहापर्यंत दोन, नऊपर्यंत तीन, त्याहून लांब असेल तर चार. ठरावीक क्षेत्रफळामागे गुण जास्त झाले की तागा परत. परत आलेला तागा शेठना दिसतो, मेंडिंगच्या बाईची मजुरी दिसत नाही. त्यामुळे या वेळी परवानगी मिळाली. मास्तरांनी खात्याच्या दारात फळा लावला. माग नंबर, दोषाचा प्रकार, शिफ्ट. विणकराचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. नाव लिहिलं की दंड आला, आणि दंड आला की दोष लपवणं आलं, हे त्यांना इचलकरंजीच्या गल्लीपासून ठाऊक होतं.

पहिले काही दिवस जॉबर मंडळी फळ्याकडे बघायचीसुद्धा नाहीत. मग एकानं येऊन सांगितलं, मास्टरजी, सोळा नंबरचा दोष माझा नाही, त्याचा रॅपियर हेडच झिजलाय, दोनदा सांगितलंय. मास्तरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि शेठना दाखवलं. हेड बदलला गेला. तिथून फळ्याची बाजू पालटली. सकाळी आठला पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचे जॉबर, फिटर, फोल्डिंगचे मेहताजी आणि मास्तर फळ्यापुढे उभे राहू लागले. बसायला खुर्च्या नाहीत, म्हणून मीटिंग लांबत नसे. बक्षिसीचं काही जमलं नाही. शेठचं म्हणणं, चांगलं कापड विणायचा तर पगारच देतो.

तारापूरच्या अभ्यासातही हाच क्रम दिसतो. दर्जाशी थेट संबंध असलेल्या सवयी मालकांनी पटकन उचलल्या, कारण फायदा डोळ्यांपुढे होता. माणसांशी आणि बक्षिसीशी संबंधित सवयी रेंगाळल्या.

मास्तरांनी ती नोकरी पुढे सोडली. मुलीच्या कॉलेजसाठी जास्त पगार हवा होता आणि वापीकडून बोलावणं आलं. काही काळानं जुन्या गिरणीतल्या फिटरच्या घरी लग्नाला गेले तेव्हा चौकशी केली. फळा आहे, असं कळलं. त्यावर आता पाणी किती वाजता येणार ते लिहितात.

2017 साली संशोधक पुन्हा तारापूर-उंबरगावला आले. इतक्या वर्षांनी मागे वळून बघणारे अभ्यास थोडे असतात. सल्लागारांनी रुजवलेल्या सवयींपैकी सुमारे निम्म्या त्या गिरण्यांतून गळून गेल्या होत्या. तरीही ज्यांना सल्ला मिळाला त्या आणि न मिळालेल्या यांच्यातलं अंतर अजून मोठं होतं, म्हणजे मेहनत वाया गेली नव्हती. चांगल्या सवयी एकाच मालकाच्या एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत गेल्या होत्या. एका मालकाकडून दुसऱ्याकडे मात्र फारशा गेल्या नाहीत, एवढ्या दाटीच्या वसाहतीतही. आणि सवयी सुटण्याची जी कारणं वारंवार सांगितली गेली त्यांत दोन ठळक होती: मॅनेजर नोकरी सोडून गेला, आणि मालकाला वेळ उरला नाही. 2020 साली हा दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला.

मास्तरांना या निष्कर्षाचं नवल वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. त्यांचा प्रश्न भाच्यानं वहीत उतरून घेतला आहे. सवय जर मॅनेजरबरोबर जाते, तर ती कंपनीची होती कुठे? अडतीसच्या अडतीस सवयी मालकाला शिकवल्या आणि हिशोबही मालकाकडून घेतला. ती सवय रोज सकाळी हातात धरून ठेवणारा माणूस जातो तेव्हा त्याच्या जागी येणाऱ्याला ती कोण देणार? मास्तरांच्या मते उत्तर मॅनेजरच्या एक पायरी खाली आहे. मॅनेजर बदलतात, मास्टर बदलतात, परप्रांतीय विणकर होळीला गावी जातात आणि सगळे परत येतातच असं नाही. मेंडिंगच्या बायका गावच्याच असतात आणि त्याच टेबलावर वर्षानुवर्षं टिकतात. सकाळच्या मीटिंगची वही त्यांच्याकडे द्यावी. मास्टर नवा आला तरी वही तीच राहील. हे कुठल्या अभ्यासात तपासलेलं नाही, हे भाच्यानं सांगितलं. मास्तर म्हणाले, मग तपासा.

सध्याच्या गिरणीत त्यांनी ते सुरू केलंय. अडचण वेगळीच निघाली. बायकांना मीटरवर पैसे मिळतात, त्यामुळे फळ्यापुढे उभी राहिलेली पंधरा मिनिटं त्यांच्या मजुरीतून जातात. शेठ म्हणतात, मीटिंगमुळे दोष कमी होतील, मेंडिंग हलकं होईल, तुमचे मीटर आपोआप वाढतील. बायकांचा जबाब असा, की मेंडिंग हलकं झालं की तुम्ही आमच्यातल्या दोघी कमी कराल. दोन्ही बोलणी मास्तरांना खरी वाटतात. तूर्त तडजोड अशी झाली आहे: दोघी जणी आळीपाळीनं सव्वाआठला येतात, वही लिहितात, आणि त्यांच्या हजेरीपुढे मास्तर पेन्सिलीनं एक आकडा टाकतात. महिनाअखेरीला त्या आकड्याचे पैसे रोखीनं वेगळे द्यायचे की मीटरमध्ये धरायचे, याचा निर्णय शेठनी अजून दिलेला नाही.